दुपारी अडीचचा तारा

तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट तुमच्याच मतांच्या विरोधात गेली, तर ती चारचौघांत जशीच्या तशी सांगाल का? ‘हो’ म्हणायची घाई करू नका. मीही आयुष्यभर ‘हो’च म्हणत आलो होतो. प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा मी साफ खोटं बोललो, आणि त्या खोट्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाला स्वतःचं घर सोडावं लागलं.

आधीच सांगतो, या सदरात येणारे निम्मे अनुभव मला थापा वाटतात. घाटात लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतले पैंजणांचे आवाज... वाचतो आणि सोडून देतो. त्यामुळे इथे काही लिहायची वेळ माझ्यावर येईल असं मला कधीच वाटलं नव्हतं.

आमचं घर कऱ्हाडचं. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. कुठे कुणाच्या अंगात येतंय, कुठे भानामती झाली, कुठे ताईत विकणारा आलाय असं कळलं, की दोन दिवसांत बाबांचं चार पानी पत्रक तयार. मी वाचायला शिकलो तो त्या पत्रकांवर. घड्या घालायला मी, बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडवर वाटायला मी. चौदाव्या वर्षी माझं स्वतःचं पत्रक निघालं — ‘विहिरीतून दिवसा तारे दिसतात? एक थाप’. आमच्याकडे पुष्कळ लोक हे छातीठोकपणे सांगायचे. मी दोन मित्रांना घेऊन एका कोरड्या विहिरीत दोर धरून उतरलो, वर पाहिलं, काही दिसलं नाही, बाहेर आलो आणि लिहिलं. कारणही दिलं होतं: विहिरीतून पाहिलं म्हणून आकाशाचा उजेड कमी होत नाही, आणि तारा त्या उजेडात बुडालेलाच राहतो. हे कारण आजही बरोबर आहे. ते डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

२००५च्या ऑगस्टमध्ये मी सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करायला मॅसॅच्युसेट्सला आलो. युनिव्हर्सिटी वूस्टरमध्ये. तिथली भाडी परवडेनात म्हणून शेजारच्या श्रूजबरीत एका कोरियन गृहस्थांच्या घरात वरची खोली घेतली. गृहस्थांचं नाव मिस्टर हान. वय पंच्याहत्तरच्या पुढे, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. तीस वर्षं वूस्टरच्या एका मशीन शॉपमध्ये काम केलेलं. एकुलती एक मुलगी ग्रेस, न्यू जर्सीत फार्मसिस्ट.

मी राहायला गेलो त्याच दिवशी ग्रेस आलेली होती. ती त्यांना ‘अप्पा’ म्हणत होती. मला वाटलं, किती बरं झालं, इथेही अप्पाच. आमच्याकडे गल्लीतला प्रत्येक दुसरा म्हातारा अप्पा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यावरून उतरताना म्हणालो, “गुड मॉर्निंग, अप्पा.” त्यांच्या हातातला कप थांबला.

“तू मला काय म्हणालास?”

“अप्पा. आमच्याकडे मोठ्या माणसांना म्हणतात.”

“आमच्याकडे फक्त स्वतःच्या बापाला म्हणतात,” ते म्हणाले. मग विचारलं, “तुला काय म्हणतात?”

“अभिजित. सगळे अभी म्हणतात.”

त्यावर ते एवढे हसले की कप खाली ठेवावा लागला. कोरियनमध्ये ‘अबी’ हा बापासाठीचाच एक जुना शब्द निघाला. “मी भाडेकरूला बाप म्हणणार नाही,” ते म्हणाले. “मी तुला जित म्हणीन. तू मला अप्पा म्हण. घरात एकच बाप पुरे.”

तेव्हापासून ते अप्पा आणि मी जित.

आता अप्पांच्या अंगणातल्या बुरुजाकडे येतो. अप्पांचं बालपण कोरियातल्या ग्योंगजू गावचं. त्या गावात चौदाशे वर्षांपूर्वी, एका राणीच्या काळात बांधलेली दगडी वेधशाळा आहे — चॉमसंगदे. जुन्या दुधाच्या बाटलीसारखा आकार, खाली रुंद, वर निमुळती. दगडांचे गोल सत्तावीस थर, मध्यावर दक्षिणेकडे एक चौकोनी खिडकी, आणि सगळ्यात वर आडव्या-उभ्या दगडांची चौकट. शिडी लावून खिडकीतून आत शिरायचं आणि वर चढून आकाश बघायचं, असं म्हणतात. बांधली कशासाठी यावर अभ्यासक अजून भांडतात, हेही मी नंतर वाचलं.

रिटायर झाल्यावर अप्पांनी मागच्या अंगणात त्याच वेधशाळेची एक तृतीयांश प्रतिकृती बांधायला घेतली. त्या भागात जुन्या शेतांच्या दगडी कुंपणभिंती आता जंगलातून धावतात, तशी एक त्यांच्याही जागेत होती. तीच एकेक दगड करून उतरवली आणि हा बुरूज उभा केला, आठ वर्षांत. उंची दहा फूट. खिडकी मात्र प्रमाणात नव्हती, माणूस आत जाईल एवढी मोठी ठेवली होती. आत गुडघ्याएवढी खडी भरलेली, तिच्यावर बसायला एक लाकडी खोकं. सिव्हिलवाला म्हणून मी पहिल्याच आठवड्यात सगळीकडून ठोकून पाहिलं. चुना नाही, सिमेंट नाही, पण एक दगड हलत नव्हता.

वरच्या चौकटीकडे बोट दाखवून अप्पा म्हणाले, “हे नुसतं डिझाइन नाही. अक्षर आहे. जुन्या लिपीत असं लिहिलं की त्याचा अर्थ विहीर.”

म्हणजे जमिनीवर उभी केलेली विहीर. मला माझं पत्रक आठवलं, आणि मी हसलो.

“का हसलास?”

मी सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “मी दहा वर्षांचा असताना ग्योंगजूच्या वेधशाळेत चढलो होतो. तेव्हा मुलांना कुणी अडवत नसे. आत बसून वर पाहिलं. दुपार होती. तारा दिसला.”

माझ्यातला पत्रकवाला लगेच उठला. मी त्यांना अर्धा तास लेक्चर दिलं. डोळ्यांची संवेदनशीलता, वातावरणात विखुरणारा उजेड, सगळं. पत्रकाची एक प्रत मी बॅगेतून अमेरिकेत आणली होती. ती आणून ओळीओळीचा अर्थ सांगितला. अप्पांनी पूर्ण ऐकलं. मग दोनच प्रश्न विचारले.

“विहिरीत किती वेळ होतास?”

“दहा मिनिटं.”

“महिना कुठला?”

“मे. सुट्टी होती.”

“म्हणजे दुकान बंद असताना जाऊन आलास,” ते म्हणाले, “आणि पाटी लावलीस की असं दुकानच नाही.”

मला राग आला. मी पत्रक घडी घालून बॅगेत ठेवलं.

त्यांचं म्हणणं असं की वर्षातले थोडेच दिवस, दुपारच्या ठरावीक वेळी, तो तारा चौकटीत येतो. इथे श्रूजबरीतही गेल्या दोन नोव्हेंबरांत त्यांना तो दिसला होता. कुठला तारा, ते त्यांनी सांगितलं नाही. “सांगितलं तर तू तोच बघशील,” म्हणाले. हे मात्र मला पटलं. प्रयोगाची शिस्त या माणसाला होती.

माझा मित्र मंदार वूस्टरमध्ये नोकरी करायचा. नागपूरचा, आयटीतला. वीकेंडला जेवायला यायचा आणि अप्पा माझ्या शेंगदाण्याच्या चटणीबरोबर भात कसा खातात ते कौतुकाने बघायचा. सत्तावीस थर ऐकून तो म्हणाला, “नक्षत्रं आहेत यार ती. आपली पण सत्तावीसच.”

“वरची चौकट धरली तर अठ्ठावीस होतात,” मी म्हणालो.

“मग आपलं पण अभिजित धरलं की अठ्ठावीस. तो तू. कुणी मोजत नाही असा.”

मी त्याला झटकून टाकलं. आमच्या घरात नक्षत्रांची नावंसुद्धा निषिद्ध होती. ती घेतली की पाठोपाठ पत्रिका येते आणि पत्रिकेपाठोपाठ मुलगी नाकारणारे येतात, असं बाबांचं मत. त्यामुळे माझ्या नावाचं एक नक्षत्र आहे एवढं ऐकून होतो. आकाशात ते कुठे असतं हे मला ठाऊक नव्हतं. ही गोष्ट महत्त्वाची आहे, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

नोव्हेंबर सुरू झाला तेव्हा ग्रेस आली. अप्पा मागच्या बाजूला होते. ती किचनमध्ये माझ्यासमोर बसली.

“अभी, गेल्या महिन्यात ते दोनदा गॅस चालू ठेवून बाहेर गेले. तू होतास म्हणून ठीक. तू पुढच्या वर्षी पास होऊन जाशील. मग?”

मी नकळत शेगडीकडे पाहिलं.

“आणि आता हा तारा. दिवसा. थंडीत शिडी चढून त्या दगडांत जाऊन बसतात. डॉक्टरांना मी काय सांगू? वडिलांना दुपारी तारे दिसतात म्हणून?”

“मी त्यांना सांगितलंय की ते शक्य नाही.”

“मग पुन्हा सांग. माझं ते ऐकत नाहीत. तू इंजिनिअर आहेस. आणि तू त्यांना अप्पा म्हणतोस,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “फुकट म्हणता येत नाही तो शब्द.”

अप्पा आत आले. त्यांनी बहुतेक सगळं ऐकलं होतं. हात धुतले, पुसले आणि इंग्रजीतच बोलले, मला कळावं म्हणून.

“ग्रेस, माझं डोकं गेलंय की नाही एवढाच प्रश्न आहे ना? थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी ये. आकाश मोकळं असेल तर जित आत बसेल. तो म्हणाला काही नाही, तर मी घर विकतो आणि तुझ्याकडे येतो. तो म्हणाला आहे, तर मी इथेच राहतो, आणि तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस.”

ग्रेसने माझ्याकडे पाहिलं. “त्याच्यावर एवढं टाकताय?”

“हा मुलगा जे बघतो तेच लिहितो,” अप्पा म्हणाले. “चौदा वर्षांचा असल्यापासून.”

खरं सांगू का, मला तेव्हा अभिमानच वाटला. निकाल काय लागणार हे मला माहीत होतं ना.

शनिवारी आकाश स्वच्छ होतं. थंडी बोचरी, वारा नाही. प्रयोगाचे नियम मी घातले. दोन कोरे कागद, प्रत्येकावर एकसारखा चौकोन — म्हणजे वरची चौकट. चौकटीच्या उत्तर बाजूला खडूची खूण, तशीच कागदावर. डोकं मागच्या एका ठरलेल्या दगडाला टेकवायचं, म्हणजे दोघांची नजर एकाच जागेवरून. काही दिसलं तर, दिशा उलटू नयेत म्हणून, कागद डोक्यावर धरून खूण करायची आणि घडी घालून बाहेर यायचं. एकमेकांशी बोलायचं नाही.

अप्पा दोन वाजून पाच मिनिटांनी आत गेले, दहा मिनिटांनी बाहेर आले. कागदाची घडी हातात. ग्रेसने त्यांना शिडीवरून उतरवलं.

मी गेलो तेव्हा दोन वीस झाले होते. आत दगडांचा गारवा होता, ओल्या पानांचा वास होता. डोकं टेकवलं. वर चौकोनी निळं आकाश. पाच मिनिटं काही नाही. मी मनातल्या मनात ग्रेसला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होतो.

आणि मग ते तिथे होतं.

चमकलं नाही, उगवलं नाही. ज्या निळ्यात काहीच नव्हतं, तिथे एक पांढरा ठिपका होता — सुईच्या टोकाएवढा, स्थिर. मी डोळे मिटले, उघडले. होता. उजवा डोळा झाकला, डावा झाकला. दोन्हींनी दिसला. डोकं जरा हलवलं तर तो चौकटीच्या कडेच्या मानाने सरकला, म्हणजे डोळ्यातला डाग नव्हता. तो असता तर नजरेबरोबर फिरला असता. डोकं पुन्हा टेकवलं, परत जागच्या जागी. मी पेन्सिल काढून कागदावर खूण केली. घाई केली का? नाही. भीती अजिबात वाटली नाही. खूप शांत वाटत होतं, आणि त्या शांततेचाच मला संशय येत होता. घड्याळात अडीच झाले होते. आणखी दोन-तीन मिनिटं तो होता. मग मी पापणी लववली आणि तो नव्हता.

मी खिडकीतून बाहेर आलो. ग्रेस कोटाच्या खिशात हात घालून उभी होती. अप्पा उलट्या घमेल्यावर बसले होते. दोघं माझ्याकडे बघत होते.

“बोल,” ग्रेस म्हणाली.

मी म्हणालो, “मला काही दिसलं नाही.”

का म्हणालो? त्यानंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. अप्पांची काळजी, गॅस, शिडी. ती सगळी नंतर जमवलेली. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते पत्रक होतं. आम्ही इतकी वर्षं ज्यांच्याशी भांडलो, ते ताईतवाले, ते बुवा, ते मला हसताना दिसले. मला जे दिसलं होतं ते ‘आपल्या’ बाजूचं नव्हतं, म्हणून मी ते नाकारलं. बुवा आपल्या सोयीने चमत्कार सांगतात. मी माझ्या सोयीने एक गिळला. फरक किती, ते तुम्हीच ठरवा.

अप्पांनी काही विचारलं नाही. माझा कागद मागितला नाही. स्वतःचा माझ्या हातात दिला आणि घरात गेले. संध्याकाळी मी विचारलं, “अप्पा, चहा करू?” ते म्हणाले, “नको. थँक यू, अभिजित.” पूर्ण नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं.

खोलीत जाऊन मी दोन्ही कागद उघडले. त्यांच्या कागदावर एक ठिपका होता, बाजूला वेळ — दोन दहा — आणि कोरियनमध्ये एक शब्द. खुणा जुळत नव्हत्या. त्यांची चौकोनाच्या मध्यापासून पूर्वेला, माझी जवळजवळ मधल्या रेघेवर, किंचित दक्षिणेला. दोन्हींत बोटभर अंतर. मला हायसं वाटलं. जुळत नाही म्हणजे भास, दोघांचे दोन. खोटं बोललो खरं, पण निष्कर्ष बरोबरच होता, असं म्हणून मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी मंदारच्या अपार्टमेंटवर गेलो. त्याच्या लॅपटॉपवर आकाशदर्शनाचं एक फुकट सॉफ्टवेअर होतं. कारण न सांगता मी त्याला गाव, तारीख आणि वेळ टाकायला लावली, आणि सूर्यप्रकाश बंद करायला सांगितला.

“डोक्यावर एक तेजस्वी तारा आहे,” तो म्हणाला. “मध्यापासून जरा दक्षिणेला.”

“आता वीस मिनिटं मागे घे.”

त्याने घेतली. तारा पूर्वेकडे सरकला. मी खिशातून कागद काढले आणि स्क्रीनशेजारी धरले. दोन्ही खुणांमध्ये अंतर होतं ते असायलाच हवं होतं. वीस मिनिटांत तारा तेवढाच सरकतो.

मंदारने कागद हातात घेऊन स्क्रीनशी पुन्हा ताडून पाहिले. मग त्याने ताऱ्यावर क्लिक केलं. “व्हेगा. अरे, म्हणजे अभिजित. लेका, हा तर तूच.”

यातून कुणी काही अर्थ काढू नये. कऱ्हाडला माझ्या वर्गात तीन अभिजित होते. बाबांनी नाव ठेवलं ते ‘जिंकणारा’ या अर्थाने. योगायोग म्हणून मी तो बाजूला ठेवतो. पण दुसरी गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. सोमवारी मी डिपार्टमेंटमधल्या एका कोरियन मुलीला अप्पांच्या कागदावरचा शब्द दाखवला. तिने वाचला, “जिंग्न्यॉ. विणकर मुलगी. ताऱ्याचं नाव आहे, तुम्ही लोक व्हेगा म्हणता तो.”

त्या आठवड्यात गुरुवारपर्यंत मी रोज दुपारी बुरुजात बसलो. चार दिवसांपैकी एक ढगाळ होता, तीन स्वच्छ. काहीही दिसलं नाही. हे लपवत नाही.

अप्पांनी शब्द पाळला. डिसेंबरात घराला गिऱ्हाईक मिळालं आणि ते न्यू जर्सीला गेले. जाताना माझ्यासाठी तांदळाचं पोतं ठेवून गेले. महिन्याअखेर मला खोली सोडायची होती.

ती सोडायच्या आदल्या रविवारी मी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते ताऱ्यावरून ओरडतील. ते ओरडले नाहीत. 

“तू कागदावर खूण केलीस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“आणि तोंडाने नाही म्हणालास?”

“बाबा, पण दिवसा तारा दिसणं शक्यच नाही. तुम्हीच—”

“शक्य नाही, हे माझं मत आहे. तुझ्या कागदावर आहे ती नोंद. मत वाचवायला नोंद दडवतो तो बुवा असतो, अभ्या. कपडे कुठलेही घालू दे.” मग थांबून म्हणाले, “आणि विहिरीत दहाच मिनिटं होतास, तेही फक्त मेमध्ये, हे पत्रकात का नाही लिहिलं?”

“कुणी विचारलं नाही.”

“मी विचारायला हवं होतं. ते मी छापतो. तुझं तू निस्तर.”

त्यांनी खरंच छापलं. जुन्या पत्रकाला अर्ध्या पानाची दुरुस्ती जोडली.

माझं निस्तरायला मी जानेवारीत मंदारची गाडी घेऊन न्यू जर्सीला ड्राइव्ह केलं. ग्रेसचं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर. अप्पा खिडकीशी खुर्चीत बसले होते, बारीक झाले होते. मी आणलेली पेअरची पेटी ग्रेसने टेबलावर ठेवली. मी बसलो नाही. उभ्यानेच दोघांना सांगितलं — दिसला होता, अडीच वाजता, मी खोटं बोललो. दोन्ही कागद टेबलावर मांडले. सॉफ्टवेअरमधून काढलेला प्रिंटआउट दाखवला.

ग्रेसने सगळं नीट ऐकलं. मग उठून माझ्या हातावर हात ठेवला.

“तू फार चांगला मुलगा आहेस,” ती म्हणाली. “त्यांच्यासाठी एवढ्या लांब येऊन हे म्हणालास.”

मी म्हणालो, मी त्यांच्यासाठी म्हणत नाहीये, हे खरं आहे. तिने मान हलवली, लहान मुलाला समजावल्यासारखी. कागद तर नंतरही करता येतात. तिने तसं म्हटलं नाही, पण तिच्या जागी मी असतो तर मीही तेच समजलो असतो.

ती चहा करायला आत गेली. अप्पा कागदांकडे बघत होते.

“त्या दिवशी सांगितलं असतंस तर ती साक्ष होती,” ते म्हणाले. “आज तू फळं आणलीस, तसं हेही आणलंस.”

“सॉरी, अप्पा.”

“तुला दिसला ना?”

“हो.”

“मग ठीक आहे,” ते म्हणाले आणि पेटीतला एक पेअर काढून मला दिला. त्यानंतर ते कोरियनमध्ये बोलू लागले, माझ्याशीच, बराच वेळ. मला एक शब्दही कळला नाही आणि ग्रेस आतून आली नाही.

पुढच्या वर्षी अप्पा गेले. श्रूजबरीच्या घराच्या नव्या मालकाने मुलांना धोका नको म्हणून बुरूज उतरवला. मी पुढच्या दोन्ही नोव्हेंबरांत कार्डबोर्डच्या नळीतून, पार्किंग गॅरेजच्या शाफ्टमधून, जिथून म्हणून सरळ वर बघता येईल तिथून बघितलं. काही नाही. शुक्र म्हणाल, तर तो त्या अक्षांशावर नोव्हेंबरात डोक्यावर येत नाही. विमान असतं तर सरकलं असतं. फुगा अप्पांच्या आणि माझ्या खुणांमध्ये ताऱ्याचाच वेग पकडून सरकेल, हे मला पटत नाही. भास म्हणावा, तर ज्याला तारा कुठे असतो हेच माहीत नव्हतं, त्याचा भास बरोबर जागी कसा पडला? माझ्याकडे उत्तर नाही. भूत, देव, पूर्वजन्म — यांतलं काहीही मी मानत नाही, अजूनही नाही. माझ्याकडे दोन कागद आहेत, एवढंच.

म्हणून एक विनंती आहे. या लेखाखाली ‘आमचाही विश्वास आहे’ असं कृपया लिहू नका. त्याने मला काही मदत होणार नाही. तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस म्हणालं की मला अमुक दिसतं, तर त्याला समजवायच्या आधी त्याच्या जागी जाऊन बसा. दहा मिनिटं नाही, पुरेसा वेळ. दिसलं ते कागदावर मांडा, वेळ टाका. काही दिसलं नाही तर तेही लिहा. आणि कुणी विचारलं, की जे दिसलं ते तिथेच सांगा, त्याच अंगणात, त्याच माणसांसमोर, घरी जाऊन विचार करायच्या आधी.